धाकट्या मॅडमची किटली

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. माझ्या पोटाला दोन पोचे आहेत, झाकणाची मूठ मूळची नाही आणि बूड इतके काळवंडले आहे की घासणाऱ्यानेही हात टेकावेत. तरीही ठासून सांगते, मी साधीसुधी किटली नाही. एका विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात मी उभा जन्म काढला आहे. माझ्यातला चहा पिऊन उठलेली माणसे समोरच्या वर्गांत जाऊन मुलांना मोजायला शिकवत. मला स्वतःला गणित येत नाही. पण कप किती भरले आणि किती कोरडे राहिले, एवढे मला कळते, आणि तेवढ्यावरून विद्यापीठाची तब्येत ओळखता येते.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून एका कारागिराने माझे पोट घडवले. तोटी बसवल्यावर त्याने माझ्यात पाणी भरले आणि ते एका बारीक तोंडाच्या बाटलीत ओतून पाहिले. थेंब बाहेर पडला. पुन्हा ठोकले, पुन्हा ओतले. शेवटी एकही थेंब सांडला नाही तेव्हा तो म्हणाला, "आता कुठेही जा, तुझी कोणी तक्रार करणार नाही." तेव्हापासून मला थोडा गर्व आहे आणि तो आजही उतरलेला नाही.

दुकानातल्या फळीवर मी फार दिवस बसले नाही. एक उंचपुरे गृहस्थ आले आणि त्यांनी माझ्यावर बोट ठेवले. ते नव्या विभागाचे प्रमुख होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. दुकानदाराने विचारले, "किती माणसं आहात?"

"चार."

"मग एवढी मोठी कशाला? ती बाजूची धाकटी घ्या."

"चार आज आहोत हो," मोठे सर म्हणाले. "विभाग काय चारांवर थांबणार आहे?"

मला ते उत्तर फार आवडले. विकत घेणाऱ्याने भांड्याकडे पाहून पुढची माणसे मोजावीत, याहून मोठा मान भांड्याला कुठला?

विभागाची बसायची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक लांब मेज, खिडकीशी कपाट, एका भिंतीवर काळा फळा. शिपाईमामा शेजारच्या खोपच्यात चहा उकळत, गाळून माझ्यात भरत आणि मला मेजावर आणून ठेवत. चहा बिनसाखरेचा, साखरेचा डबा वेगळा. मोठ्या सरांनी पहिल्याच दिवशी एक रीत घालून दिली. जो माणूस विभागात सगळ्यांत शेवटी रुजू झाला असेल, त्याने सगळ्यांना चहा ओतायचा. नवा माणूस आला की किटली त्याच्या हाती द्यायची. निवृत्त होणाऱ्याचा शेवटचा कपही त्या वेळच्या सर्वांत नव्या माणसानेच भरायचा.

कोणीतरी कुरकुर केली की हे शिपायाचे काम आहे. मोठे सर म्हणाले, "उलट हे विभागात शिरायचं दार आहे. कोणाला किती साखर लागते हे ज्याला कळलं, त्याला माणसं कळली. आठ दिवसांत त्याला समजतं, कोण कोणाशेजारी बसत नाही." आणि खरेच तसे व्हायचे. एक सर घरी साखर बंद म्हणून इथे तीन चमचे घेत. दुसऱ्या एक बाई दोन घोट घेऊन कप विसरत आणि गार झाल्यावर माझ्याच नावाने खडे फोडत. नव्या माणसाला हे सगळे पाठ व्हायला वेळ लागत नसे.

ते दिवस आठवले की आजही ऊब येते. देशात तेव्हा विद्यापीठे उघडायचा धडाका लागला होता. निकालाची शाई वाळायच्या आत पोरे वर्गात शिक्षक म्हणून उभी राहत होती. आमच्याकडे दर हंगामाला कोणीतरी नवा यायचा. माझी कडी एका हातात स्थिरावेना. एकाला ओतायची लकब जमते न जमते तोच दुसरा दारात उभा. एका सरांना तर जेमतेम महिनाभर मिळाला, तेव्हा ते रुसून म्हणाले, "आत्ता कुठे हात बसला होता माझा." मेजाला मेज जोडले, शेजारच्या विभागाच्या खुर्च्या हळूच पळवल्या, आणि मामांना मला एका बैठकीत तीनदा भरावे लागू लागले. मोठ्या सरांनी माझ्याकडे बघून म्हणावे, "काय, पुरत नाहीस ना आता?" नाही पुरत, आणि त्याचाच मला आनंद होता.

त्या काळ्या फळ्यावर एका सरांचा हक्क होता. त्यांना सगळे आलेखवाले सर म्हणत. देशभरातल्या सगळ्या विद्यापीठांत मिळून शिक्षक किती, याचा आकडा दर वर्षी सरकारी अहवालात यायचा. अहवाल हाती पडला की सर खडूने एक ठिपका वाढवत आणि मागच्या ठिपक्याला जोडत. फळा पुसायची कोणाची टाप नव्हती. ते म्हणत, "एका वर्षाचा आकडा हा नुसता आकडा असतो. वीस वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की त्याला कल म्हणतात. आकडा थाप मारेल, कल मारत नाही." रेघ वर वर चालली होती. पुढे ठिपका काढायला सरांना स्टूल लागले. कोणी म्हणाले की आता छताला भोक पाडावे लागेल, आणि खोलीत हशा पिकला.

अशा भरल्या दिवसांत धाकट्या मॅडम आल्या. विद्यापीठातल्या सगळ्यांत लहान वयाच्या शिक्षिका, म्हणून हे नाव. पहिल्या दिवशी त्यांच्या हाताला कंप सुटला आणि त्यांनी माझ्यातला निम्मा चहा आलेखवाल्या सरांनी तपासत ठेवलेल्या उत्तरपत्रिकांवर सांडला. सर शांतपणे म्हणाले, "बरं झालं. या मुलाने काय लिहिलंय ते मलाही कळत नव्हतं." त्यांच्या आधी माझा ताबा एका उंच सरांकडे होता. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मॅडमना धीर दिला. "वर्षभरात सुटाल. माझे तर पाच महिन्यांतच संपले."

मॅडम वर्षभर ओतत राहिल्या. मग दुसरे वर्ष. कोणीच आले नाही.

त्याच सुमारास मोठे सर निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरायची होती. कार्यालयातून निरोप आला, यंदा नाही, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी आणखी एक खुर्ची रिकामी झाली आणि निरोप तोच आला. भरती थांबवली होती. कोणी म्हणे सरकारकडे निधी नाही, कोणी म्हणे धोरण बदलते आहे. घोडे नेमके कुठे पेंड खात होते ते कोणालाच सांगता येईना. बाजूच्या गावांतल्या विद्यापीठांत विचारले तर पळसाला पाने तीनच. मुलांची संख्या मात्र थांबली नव्हती. पूर्वी ज्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाचे नाव शिक्षकाला ठाऊक असायचे, तिथे आता सभागृहात ध्वनिक्षेपक लावून शिकवणे सुरू झाले.

मॅडमनी पहिली काही वर्षे ही गोष्ट हसण्यावारी नेली. त्यांची मुलगी लहान असताना एकदा शाळेला सुट्टी म्हणून विभागात आली होती. आई सगळ्यांना चहा देते आहे हे पाहून तिने विचारले, "आई, तू इथे पण चहाच करतेस?"

"करत नाही गं, ओतते," मॅडम म्हणाल्या.

"मग शिकवतं कोण?"

सगळे हसले, मॅडम सगळ्यांत जास्त हसल्या. मुलगी मोठी झाली, कॉलेजात गेली, परगावी नोकरीला लागली. मॅडमच्या सासूबाई सणासुदीला चार माणसे जमली की विचारत, "काय गं, तुमच्याकडे अजून कोणी नवीन आलं नाही का?" जणू सुनेच्या जावेची वाट बघत होत्या. मॅडमच्या केसांत पांढरे आले, चष्म्याला दुसरी काच लागली, गुडघे कुरकुरू लागले. तरी विभागात त्या धाकट्या मॅडमच होत्या, कारण त्यांच्यानंतर कोणी आलेच नव्हते.

आणि निरोपाचे कप. ते मला फार जड गेले. गार चहाच्या बाई गेल्या, तीन चमचेवाले सर गेले, उंच सर गेले. प्रत्येकाचा शेवटचा कप मॅडमनी भरला. आलेखवाल्या सरांच्या निरोपाच्या दिवशी ते कप घेऊन फळ्यापाशी गेले. फळ्यावर आता दोन रेघा होत्या, एक पांढरी आणि एक पिवळी.

"या नीट समजून घ्या," ते मॅडमना म्हणाले. "पांढरी म्हणजे कायमचे शिक्षक. ती इथे सपाट झाली आणि इथून उतरली. पिवळी म्हणजे तासावर शिकवणारे. ती चढतेय. वरून बघणारा दोन्हींची बेरीज करतो आणि छापतो, शिक्षक वाढले. खोटं नाहीये ते. पण जो वाढलाय त्याला बसायला खुर्ची नाही आणि पुढच्या वर्षी तो असेल की नाही, हे त्यालाही माहीत नाही."

"मग काय करायचं सर?"

"ठिपके काढत राहा. आणि किटली खाली ठेवू नका."

मॅडमनी तो शब्द फार मनावर घेतला. मध्यंतरी कोणीतरी विजेवरची किटली आणली. बटण दाबले की पाणी उकळते, माणसाची गरजच नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तसा तिचा तोरा होता. दोन वर्षांत जळून गेली, ते एक बरे झाले. मॅडमनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

मित्रांनो, आता तासवाल्या सरांविषयी सांगते. तासावर शिकवणारे बरेच आले आणि गेले. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पळताना त्यांना चहाला थांबायलाही फुरसत नसे. पण हे एक सर टिकले. शांत, किडकिडीत, खांद्याला कायम एक पिशवी. तास संपला की दहा मिनिटे मेजाच्या टोकाला बसत. ते पहिल्यांदा आले तेव्हा उठून त्यांनी माझ्या कडीकडे हात नेला, कारण रीत त्यांच्या कानावर आली होती. मॅडमनी हलकेच मला बाजूला ओढले.

"अहो, बसा तुम्ही. पाहुण्यांनी ओतायचं नसतं."

मॅडमना वाटले, आपण मान दिला. सरांनाही तेव्हा बरे वाटले असावे. पण वर्षामागून वर्षे गेली आणि पाहुणा पाहुणाच राहिला. मुले त्यांच्या तासाला खिडकीत उभी राहून ऐकत. परीक्षेचे काम तेच सांभाळत. वर्गाच्या किल्ल्याही त्यांच्याकडे असत. फक्त मी त्यांच्याकडे नव्हते. अधूनमधून ते पुन्हा हात पुढे करत आणि मॅडम पुन्हा म्हणत, "अहो, बसा."

एकदा ते हसत हसत म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली म्हणतात. माझं तर अकरावं वर्ष चाललंय."

मॅडम हसल्या नाहीत. "तुमची ऑर्डर निघाली की त्याच क्षणी किटली तुमच्या हातात देईन. त्याआधी दिली तर मीच मान्य केल्यासारखं होईल, की आता कोणी येणार नाही."

"वडील दर रविवारी फोन करतात," सर म्हणाले. "एकच प्रश्न असतो. लागलास का रे? आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मला मोठ्याने नाही म्हणावं लागतं."

मला त्या दिवशी दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. एकीने वाट बघायची म्हणून मला सोडले नाही, आणि दुसऱ्याने मागून घेतले नाही.

मग मॅडमच्या नोकरीचे शेवटचे वर्ष उजाडले. तोवर कायमच्या अशा त्या एकट्याच उरल्या होत्या. कार्यालयाने नियम काढला, ज्या विभागात एकही कायमचा शिक्षक नसेल तो बंद करून गणित विभागात घालावा आणि त्याची पदवी थांबवावी. म्हणजे मॅडम घरी गेल्या की विभागाला कुलूप. मोठ्या सरांनी चार माणसांवर उभा केलेला विभाग आता एका माणसाच्या निवृत्तीवर टांगला होता.

मॅडम तीन मजले उतरून कार्यालयात जात आणि तीन मजले चढून परत येत. कुलसचिवांनी त्यांना समजावले, "मॅडम, तुम्ही निवृत्त झालात की तुमचा प्रश्न मिटतोच ना?"

"माझा मिटतो. मुलांचा तिथून सुरू होतो," असे आपण म्हणालो, हे त्यांनी परत येऊन शिपाईमामांना सांगितले. मामा म्हणाले, "चांगलं सुनावलंत. आता गुडघ्याला तेल लावा, उद्या परत जायचंय." त्या रोज गेल्या. कुलसचिवांनी मग टाळायला सुरुवात केली, तर त्या त्यांच्या गाडीपाशी उभ्या राहू लागल्या. अखेर कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, एक जागा मंजूर झाली. मॅडमना आभाळ ठेंगणे झाले. त्या दिवशी त्यांनी मामांना माझ्यात काठोकाठ चहा भरायला लावला आणि वरांड्यातून जाणाऱ्या अनोळखी मुलांनासुद्धा बोलावून पाजला.

जागेसाठी अर्ज करायची वयाची मर्यादा होती. तासवाले सर वाट बघता बघता ती ओलांडून गेले होते. मॅडमनी सवलत मागून पाहिली, मिळाली नाही. तेव्हा सरांनीच आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला कळवले, "तू अर्ज कर. विभाग तरी राहील." तिच्याकडून त्यांनी मुलाखतीची तयारी करून घेतली. नंतर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत आणि चहालाही थांबले नाहीत. माणूस आहे, वाईट वाटणारच.

त्या मुलीची निवड झाली. विभाग वाचला. ती रुजू झाली त्या दिवशी मॅडमनी मला स्वतः पुसले आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरले. पस्तीस वर्षांनंतर माझ्या कडीला नवा हात लागत होता. माझे झाकण नुसते थडथडत होते.

नव्या मॅडमनी आधी आपल्या सरांचा कप भरला, मग धाकट्या मॅडमकडे वळून विचारले, "मॅडम, तुम्हाला साखर किती?"

मॅडम गोंधळल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांचे ओतून झाले की तळाशी जे उरेल ते त्या उभ्याउभ्या पीत. त्या म्हणाल्या, "मला... काय सांगू गं?"

"एक चमचा," मेजाच्या टोकावरून तासवाले सर म्हणाले. "आणि कप अर्धाच. पूर्ण भरलेला त्या संपवत नाहीत."

मॅडमनी वळून त्यांच्याकडे पाहिले.

त्यानंतरचे महिने आनंदात गेले. मॅडम फळ्याशी उभ्या राहून नव्या मॅडमला पांढरी रेघ दाखवत. "ही बघ, यंदाच्या ठिपक्यात एक आकडा वाढणार आहे. तुझा." सत्र संपत आले तेव्हा त्यांनी तासवाल्या सरांना सहज विचारले, "पुढच्या सत्रात तुम्ही कोणते तास घेताय?"

"तास उरले नाहीत मॅडम."

"म्हणजे?"

"कायमची जागा भरली की त्या विषयाचे तास तिच्याकडे जातात. नियमच आहे. मला कार्यालयाने मागेच सांगितलंय. एका विमा कंपनीत काम मिळालंय, आकडेमोडीचंच आहे. तिथे म्हणे बटण दाबलं की चहा येतो."

मित्रांनो, ज्या बाईंनी सारे आयुष्य बेरीज-वजाबाकी शिकवली, त्यांच्याकडून एवढी साधी वजाबाकी राहून गेली होती. "मी एक मिळवला म्हणून नाचत होते," त्या म्हणाल्या. "वजा होणारा माझ्या शेजारीच बसला होता, तो मला दिसला नाही." नव्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. सर तिला म्हणाले, "तू कशाला रडतेस? तू मला ढकललेलं नाहीस. तू आली नसतीस तर इथे कुलूप असतं, मी तरीही बाहेरच असतो."

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी सभागृहात भाषणे झाली, हार झाले. कुलसचिवांनी मॅडमच्या चिकाटीची तोंडभरून स्तुती केली. सरांचाही तो शेवटचा दिवस होता, पण त्यांच्यासाठी कुठे खुर्ची मांडलेली नव्हती. पाहुण्याला निरोप समारंभ नसतो. तो नुसता यायचा थांबतो.

सभा आटोपून सगळे वर खोलीत आले. रीतीप्रमाणे मॅडमचा शेवटचा कप नव्या मॅडमने भरला, एक चमचा, अर्धा कप. तो पिऊन झाल्यावर मॅडमनी मला तिच्याकडून मागून घेतले आणि तासवाल्या सरांपुढे धरले.

"सर, आज तुम्ही ओता. माझं चुकलं. हे मी अकरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."

सरांनी हात पुढे केला. माझ्या कडीपासून तो वीतभर अंतरावर थांबला आणि परत गेला.

"नको मॅडम. आज ओतलं तर उद्या जाववणार नाही."

मामा उगाच मेज पुसू लागले. मग मॅडम म्हणाल्या, "बरं, मग बसा. इथून जो घरचा माणूस गेला, त्याचा शेवटचा कप मी भरलाय. तुमचा राहायला नको." त्यांनी दोन्ही हातांनी मला उचलले. त्यांचा हात पहिल्या दिवसासारखा कापत होता, पण मी एक थेंबही बाहेर पडू दिला नाही. सरांनी तो चहा सावकाश प्यायला. कप स्वतः विसळून ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेले.

आता खोलीत नव्या मॅडम असतात. गेल्या महिन्यात एका नव्या विषयाचे तास निघाले, ते शिकवायला एक बाई आल्या आणि मेजाच्या टोकाला अंग चोरून बसल्या. नव्या मॅडमनी मला नेऊन त्यांच्यासमोर ठेवले.

"मॅडम, मी कायमची नाहीये. फक्त तासांवर आहे," त्या बाई म्हणाल्या.

"माहितीये. सगळ्यांत शेवटी तुम्ही आलात ना? मग घ्या. मला अर्धा चमचा."

त्याने पांढऱ्या रेघेचे काही भले होत नाही, हे मला कळते. माझ्या कडीने कोणाची नोकरी पक्की होत नाही. तरी मित्रांनो, एक मागणे आहे. तुम्हाला शिकवणारा माणूस पुढच्या वर्षी त्याच वर्गात असेल की नाही, हे कधीतरी विचारा. तुमच्या आईवडिलांना विचारायला सांगा. मोठे झालात आणि मोजायचे काम तुमच्याकडे आले, तर नुसती बेरीज छापू नका, कोण मिळवला आणि कोण वजा झाला तेही लिहा. भांडे जपायचे तर घासूनपुसून फळीवर ठेवले की भागते. माणूस जपायचा तर त्याला वेळेवर घरचा म्हणावे लागते.

या खोलीतले कितीतरी हात माझ्या कडीला ओळखीचे आहेत. कापरे, घाईचे, रुसलेले, सगळे आठवतात. पण ज्याला इथल्या प्रत्येकाची साखर ठाऊक होती, त्याचा हात मला कधी लागलाच नाही.